संक्रांतीच्या वाणाला फुलांच्या बिया: पेरणीपासून पाकिटापर्यंत

यंदा आमच्या पुण्यातल्या सोसायटीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून घरी धरलेल्या फुलांच्या बियांच्या पुड्या दिल्या. संक्रांत 14 जानेवारी 2026 ला होती आणि रथसप्तमी 25 तारखेला. पुड्या वाटायचं काम या अकरा-बारा दिवसांतच उरकलं, पण बियांचं काम मे 2025 पासून चालू होतं. अनेकींनी विचारलं की पुढच्या वर्षी आम्हालाही करायचं आहे, सुरुवात कुठून करू? म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे. एक गोष्ट आधीच सांगते: बी कसं निघणार हे झाडावर आणि वाळवणीत ठरतं. पाकीट, लेबल, सजावट हे सगळं त्यानंतरचं.

पहिलं काम म्हणजे फुलांची निवड. मोगरा, जास्वंद, शेवंती फांदी लावून वाढवतात, निशिगंध कंदांपासून, त्यामुळे ती बाजूला ठेवली. अबोली वाटण्याचं फार मनात होतं. पण नर्सरीत ‘दिल्ली’ म्हणून मिळणारी नारिंगी अबोली बीच धरत नाही, कारण ती त्रिगुणित आहे, म्हणजे तिच्यात गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात. जुन्या वाड्यांतली, परसातली अबोली बी धरते. तिची वाळलेली शेंग पाण्याचा थेंब लागताच तडकते आणि बी लांब उडतं. तशी अबोली कोणाकडे असेल तर शेंगा कोरड्या हवेत, देठासकट काढून घ्या.

दुसरा निकष म्हणजे संकर. दुकानातल्या पाकिटावर ‘एफ-1’ किंवा ‘संकरित’ लिहिलेलं असेल तर त्या झाडाचं बी धरून वाटण्यात अर्थ नाही. पुढच्या पिढीत उंची, रंग, पाकळ्यांची दाटी सगळं विस्कटतं. पेटुनिया आणि बरेचसे मोठ्या फुलांचे झेंडू यात येतात. शेवटी तेरडा, देशी झेंडू, जिनिया, कॉसमॉस, कोंबडा, गोकर्ण, गुलबक्षी, सदाफुली आणि चिनी गुलाब (पोर्टुलाका) एवढी ठरली. मूळ बी ओळखीच्यांकडून आणि गावाकडून आणलं होतं.

2025 चा पाऊस मे महिन्यातच आला. 26 मे रोजी मॉन्सून मुंबई-पुण्यापर्यंत पोहोचला होता. तरी पेरणीला घाई करायचं कारण नव्हतं. सततच्या झडीत ट्रेमधली रोपं मान टाकतात. जमिनीलगत देठ पाण्यासारखा मऊ होतो आणि रोप आडवं पडतं. हा बुरशीचा रोग आहे, एकदा लागला की तिथली रोपं वाचत नाहीत. त्यामुळे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, गॅलरीतल्या छपराखाली, जिथे ऊन येतं पण पाऊस लागत नाही अशा जागी ट्रे मांडले.

माध्यम: धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) दोन भाग, चाळलेलं गांडूळखत एक भाग, आणि ट्रायकोडर्माची (रोगाच्या बुरशीला रोखणाऱ्या उपयोगी बुरशीची) पावडर. कोकोपीटची वीट भिजवल्यावर पाणी दोनदा बदलून पिळून घ्यायची, कारण स्वस्त विटांत क्षार राहिलेले असतात आणि कोवळी मुळं करपतात. पाच किलोची वीट दोनशे रुपयांच्या आसपास मिळाली आणि वर्षभर पुरली.

बी किती खोल पेरायचं याचा अंदाज सोपा आहे: बियाच्या जाडीच्या दुप्पट मातीचा थर. चिनी गुलाबाचं बी मात्र झाकायचं नाही. ते वर भुरभुरून बोटाने नुसतं दाबायचं, त्याला उगवायला उजेड लागतो. सदाफुलीचं उलट आहे. तिला अंधार हवा, म्हणून ट्रेवर अंकुर दिसेपर्यंत वर्तमानपत्र ठेवायचं. गोकर्णाचं कवच टणक असतं. पॉलिश पेपरवर एक बाजू हलकी घासून रात्रभर पाण्यात ठेवलं की सकाळी जे फुगतं तेच पेरायचं. न फुगलेलं पुन्हा घासायचं. झेंडू, जिनिया चार-पाच दिवसांत वर आले, तेरडा आठवड्याभरात, सदाफुलीला दोन आठवडे लागले.

चार पानं आल्यावर रोपं कुंड्यांत हलवली. झेंडू आणि कोंबड्याला आठ-दहा इंची कुंडी पुरते. गोकर्णाला बारा इंची आणि चढायला दोरी.

जुलैच्या शेवटी तेरडा फुलायला लागला आणि खरं निरीक्षण सुरू झालं. बियांसाठी झाड राखायचं म्हणजे रोज पाहायचं: कोणतं लवकर फुललं, कोणाला रोग नाही, कोणाचा रंग आपल्याला हवा तो आहे. अशा झाडाला लोकरीचा लाल धागा बांधला. धागा बांधलेल्या झाडाचं फूल तोडायचं नाही, देवालासुद्धा नाही, हा एकच नियम घरातल्या सगळ्यांना सांगितला. ऑगस्टमध्ये हा नियम पाळणं कठीण होतं. 27 ऑगस्टला गणपती आले, 31 ला गौरी, आणि कितीतरी घरांत तेरड्याचीच गौर आणतात. त्या दिवसांत कुंड्या मोकळ्या होतात. निम्मी झाडं सणाला आणि निम्मी बियाला, असं आधीच वाटून ठेवलं की वाद होत नाही.

जिनिया आणि झेंडूचे रंग वेगळे राखायचे असतील तर मधमाशी आड येते. तिने शेजारच्या कुंडीतला पराग आणला की पुढच्या वर्षी रंग मिसळून येतात. गच्चीवर दोन रंगांत पुरेसं अंतर ठेवणं शक्य नसतं, म्हणून दागिने ठेवायच्या जाळीदार ऑर्गॅन्झाच्या पिशव्या वापरल्या. शंभर पिशव्या तीनशे रुपयांच्या जवळपास पडल्या. कळी उमलायच्या आधी पिशवी बांधायची. झेंडू स्वतःच्या परागावर बी धरतो. जिनियाचं तसं नाही. एकाच झाडाच्या परागावर तिच्यात फारसं बी भरत नाही. त्यामुळे एकाच रंगाच्या दोन वेगवेगळ्या झाडांवरची फुलं पिशवीत ठेवायची आणि सकाळी दहाच्या सुमारास कोरड्या मऊ ब्रशने एकीचा पराग दुसरीवर फिरवायचा. सलग चार-पाच सकाळी. नवी पिवळी केसरं उमलायची थांबली की हे काम संपतं.

कॉसमॉसही परक्या परागावरच बी धरतो. त्याला पिशव्या बांधल्याच नाहीत, पाकिटावर सरळ ‘मिश्र रंग’ लिहिलं. गोकर्ण आणि तेरडा बहुतांशी आपल्याच परागावर फळतात, त्यामुळे निळ्याला निळा आणि गुलाबीला गुलाबी येण्याची खात्री बरीच जास्त. नवख्या व्यक्तीने या दोनांपासून सुरुवात करावी असं माझं मत आहे.

बी कधी काढायचं, यात सगळ्यात जास्त नुकसान होतं. हिरवं काढलं तर उगवत नाही आणि उशीर केला तर जमिनीवर पडतं.

तेरड्याचं बोंड फुगून फिकट, जवळजवळ पारदर्शक हिरवं झालं की ते तयार असतं. बोट लागताच फुटतं आणि बी उडतं. त्यामुळे बोंडाखाली लग्नपत्रिकेचं जाड पाकीट धरायचं, बोंड त्यात घ्यायचं आणि मग दाबायचं. आतलं बी तपकिरी असेल तर ठेवायचं, पांढरं असेल तर कच्चं आहे. सप्टेंबरभर रोज सकाळी हे काम चालतं. एका झाडावरची बोंडं एकदम पिकत नाहीत.

सदाफुलीला फुलाच्या जागी दोन बारीक शेंगा येतात. त्या पिवळट होऊन त्यांवर तपकिरी रेघ दिसली की काढायच्या. एक दिवस जरी थांबलात तर शेंग उकलते आणि बी वाऱ्यावर जातं. बी काळं आणि खरबरीत असतं. पावसात कुजून सदाफुलीची झाडं मरतात, तेव्हा जून-जुलैतल्या शेंगा हाती लागतील तशा घेत राहिलेलं बरं.

कोंबड्याच्या तुऱ्याच्या खालच्या बाजूला बी असतं, वरच्या मखमलीत नाही. तुरा कागदावर उलटा धरून झटकला की चकचकीत काळं बी पडतं. आठवड्याने परत झटकायचं. चिनी गुलाबाचं बोंड म्हणजे टोपी असलेली इवली डबी. टोपी सैल झाली की वाटीत उलटी करायची. गुलबक्षीचं बी काळं आणि सुरकुतलेलं, अगदी मिऱ्यासारखं दिसतं, आणि ते विषारी आहे. सदाफुलीचंही तेच. म्हणून बियांचे डबे स्वयंपाकघरात ठेवायचे नाहीत आणि मसाल्याच्या जुन्या बरण्या यासाठी वापरायच्या नाहीत. मुलं असलेल्या घरात पुडी देताना हे तोंडी सांगितलं आणि पाकिटावरही लिहिलं.

गोकर्णाची शेंग तपकिरी होऊन हलवल्यावर खुळखुळली पाहिजे. भोक पडलेली शेंग वेगळी काढायची, आत कीड असते.

झेंडू आणि जिनियाला सगळ्यात जास्त वेळ लागतो. फूल उमलल्यापासून सव्वा ते दीड महिना झाडावरच ठेवावं लागतं, पाकळ्या वाळून तपकिरी होईपर्यंत आणि खालचा देठ सुकेपर्यंत. झेंडूचं पक्कं बी काळ्या काडीसारखं असतं, त्याला फिकट पिसाचा शेंडा. पूर्ण फिकट काडी म्हणजे पोचट बी. जिनियाचं बी प्रत्येक पाकळीच्या मुळाशी चिकटलेलं, चपटं आणि बाणाच्या टोकासारखं असतं. नखाने दाबून पाहायचं: भरलेलं कडक लागतं, पोचट कागदासारखं दबतं. जिनियाच्या पानांवर तांबूस-करडे ठिपके पडले असतील तर त्या झाडाचं बी अजिबात धरायचं नाही. ती करप्याची बुरशी बियातून पुढच्या वर्षी आणि दुसऱ्याच्या घरी जाते. वाटायचं बी असेल तर ही काळजी दुप्पट घ्यायला हवी.

2 ऑक्टोबरला दसरा झाला. दाराचं तोरण वाळल्यावर त्यातला झेंडू चुरगाळून कुंडीत टाकायची पद्धत घरोघर आहे, आणि त्यातून रोपं येतातही. पण ती फुलं ऐन बहरात तोडलेली असतात, बी अर्धवट भरलेलं असतं, शिवाय बाजारातला झेंडू बहुतेक संकरित. दोन्ही बियांची उगवण तपासली तेव्हा तोरणातल्या वीस बियांपैकी चार उगवल्या आणि झाडावर पिकलेल्या वीसपैकी सोळा. स्वतःच्या कुंडीसाठी तोरणाचं बी चालेल, वाण म्हणून नाही.

एरवी ऑक्टोबरचं ऊन बिया वाळवायला उत्तम. 2025 मध्ये सप्टेंबर ओला गेलाच, पण दिवाळी होऊन गेल्यावरही पाऊस पडत होता. जाळीच्या पिशव्या भिजून राहिल्या की आतलं फूल बुरशीने काळं पडतं. पावसाच्या दिवसांत पिशवी काढून फूल मोकळं करायचं (तोवर परागीभवन झालेलं असतं) आणि कुंडी सज्जाखाली ओढायची. जमिनीत लावलेल्या झाडाची फुलं देठ पिवळा पडताच फूटभर दांडीसकट कापून, घरात उलटी टांगून पिकवायची. दांडीत असलेल्या रसावर बी थोडं अजून भरतं. झाडावर पिकलेल्याइतकं ते उतरत नाही, पण कुजण्यापेक्षा बरं.

वाळवण सावलीत, पंख्याखाली, वर्तमानपत्रावर एकेरी थरात. कडक उन्हात पत्र्यावर टाकलेलं बी वरून वाळल्यासारखं दिसतं आणि आतून भाजतं. प्लास्टिकवर पसरू नये, खालून घाम धरतो. रोज हात फिरवायचा. प्रत्येक कागदावर नाव आणि तारीख आधी लिहायची. सुटं झालेलं तेरड्याचं गुलाबी आणि पांढरं बी नंतर कोणालाच ओळखता येत नाही.

पंख्याखाली आठ-दहा दिवस ठेवूनही दमट हवेत बी पुरतं वाळत नाही, हवेतला ओलावा जेवढा वाळू देतो तेवढंच वाळतं. म्हणून शेवटचा टप्पा सिलिका जेलचा. हवाबंद बरणीत बियांच्या वजनाइतकं सिलिका जेल तळाशी, वर बिया कागदी पाकिटात, झाकण घट्ट, आणि आठवडाभर उघडायचं नाही. नारिंगी दाणे घ्यावेत, ते ओलावा शोषून हिरवट होतात. निळ्या दाण्यांत कोबाल्टचं क्षार असतं, ते हाताळायला चांगलं नाही. दाणे मंद आचेवर परतले की पुन्हा नारिंगी होतात, पण त्यासाठीची कढई परत स्वयंपाकाला वापरायची नाही. जिनियाचं आणि कॉसमॉसचं बी वाकवून पाहायचं: वाकलं तर ओलं आहे, कट्‌कन मोडलं तर झालं.

साठवणीसाठी हॅरिंग्टन या अमेरिकन बीजशास्त्रज्ञाचा ठोकताळा उपयोगी पडतो. जागेचं तापमान फॅरनहाइटमध्ये आणि हवेतली आर्द्रता टक्क्यांत घेऊन बेरीज करा; ती शंभराच्या आत हवी. पुण्यातल्या ओल्या ऑक्टोबरात हीच बेरीज दीडशेच्या घरात जाते. त्यामुळे वाळलेलं बी हवाबंद बरणीत, बरणी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. बाहेर काढल्यावर बरणी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, निदान चार-पाच तास, झाकण उघडायचं नाही. नाहीतर गार बियांवर दव धरतं आणि आधीची सगळी मेहनत जाते.

नोव्हेंबरमध्ये सफाई. सूप असेल तर फार सोपं जातं: झेंडूची पिसं आणि जिनियाच्या पाकळ्या पाखडून निघतात. कोंबडा आणि चिनी गुलाबाचं बी बारीक, ते सुपातून उडतं. त्यासाठी चहाची गाळणी आणि वरून हलकी फुंकर.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात उगवण तपासली. याशिवाय कोणालाही बी देऊ नये, हे मी आग्रहाने सांगेन. टिश्यू पेपर भिजवून पिळून घ्यायचा, त्यावर मोजून वीस बिया अंतराने मांडायच्या, गुंडाळी करून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायची. पिशवीवर नाव आणि तारीख. थंडीच्या दिवसांत ती फ्रिजच्या वर, जिथे जरा ऊब असते तिथे ठेवायची, कारण रात्री पारा उतरला की सदाफुली हालतच नाही. पाचव्या, दहाव्या आणि पंधराव्या दिवशी मोजणी. चिनी गुलाबाची चाचणी पारदर्शक डबीत, उजेडात.

साठ टक्क्यांच्या वर उगवलेलं बी पाकिटात गेलं. त्याखालचं घरच्या कुंडीत दाट पेरायला ठेवलं. कॉसमॉसची एक खेप अशीच बाद करावी लागली.

पुड्या बटर पेपरच्या केल्या, आणि बाहेरून जुन्या पत्रिकांची छोटी पाकिटं. प्लास्टिकच्या झिपची पुडी दिसते छान, पण बियात थोडा ओलावा राहिला असेल तर तो आत कोंडतो. एका पुडीत झेंडूच्या 20 बिया, जिनियाच्या 15, गोकर्णाच्या 10, गुलबक्षीच्या 6; कोंबडा आणि चिनी गुलाब चिमटीभर, बारीक वाळूत मिसळून, म्हणजे पेरताना एकाच जागी पडत नाही. पाकिटावर एवढं लिहिलं: नाव, रंग, पिशवीतलं की मोकळ्या परागीभवनाचं, बी काढल्याचा महिना, डिसेंबरमधली उगवण, कधी आणि किती खोल पेरायचं, आणि विषारी असेल तर तसं. तारखेशिवायचं बी दोन वर्षांनी निरुपयोगी ठरतं. कागद, पिशव्या, सिलिका जेल, कोकोपीट मिळून दीड हजाराच्या आत खर्च झाला, आणि पिशव्या व जेल पुढेही चालतील.

गावाबाहेरच्यांना पोस्टाने पाठवलं. साध्या पत्राला 20 ग्रॅमपर्यंत पाच रुपयांचं तिकीट. पाकीट घरच्या काट्यावर मोजूनच न्यावं, कारण गुलबक्षी घातली की वजन चटकन वर जातं. साध्या पत्रावर पोस्टात शिक्का जोरात बसतो आणि मोठं बी चिरडतं. दोन्ही बाजूंनी पुठ्ठा लावला तर वाचतं. रजिस्टर्ड पोस्ट मागायला गेलात तर आता ते वेगळं मिळत नाही, 1 सप्टेंबर 2025 पासून ते स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे. 1 ऑक्टोबर 2025 पासून बाहेरगावी 50 ग्रॅमपर्यंत स्पीड पोस्टला 47 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे साडेपंचावन्नच्या आसपास. त्याच शहरात 19 रुपये अधिक जीएसटी. नोंदणी हवी असेल तर वर पाच रुपये आणि त्यावरचा कर. ‘आत काय आहे’ असं खिडकीवर विचारतात, ‘फुलांच्या बिया’ असं स्पष्ट सांगायचं. पावती जपून ठेवायची, मागोवा त्यावरच्या क्रमांकाने लागतो.

परदेशात राहणाऱ्या दोन-तीन नातेवाइकांनीही मागितलं. तिथे पाकिटात घालून पाठवायचं नाही. बियांसोबत रोग आणि तण जातात, म्हणून बहुतेक देशांत वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, आपल्याकडे ते वनस्पती संगरोध कार्यालयाकडून घ्यावं लागतं. अमेरिकेत थोड्या बियांसाठी मागवणाऱ्याने आधी परवाना काढण्याची सोय आहे: एका पुडीत एका जातीच्या जास्तीत जास्त 50 बिया किंवा 10 ग्रॅम, एका खेपेत 50 पुड्या, माती आणि कीटकनाशक काहीही लागलेलं नको, आणि पार्सल तपासणी केंद्रामार्फतच जातं. उलट दिशेनेही तेच, भारतात बी आणायला आयात परवाना आणि प्रमाणपत्र लागतं. त्यामुळे नातेवाइकांना तिथलंच बी घ्यायला सांगितलं.

वाण घेतलेल्यांसाठी पेरणीचं वेळापत्रक असं दिलं: चिनी गुलाब, जिनिया आणि गोकर्ण फेब्रुवारीच्या मध्यापासून, थंडी ओसरली की, सदाफुली मार्चमध्ये, तेरडा, कोंबडा, कॉसमॉस आणि गुलबक्षी जूनमध्ये. दसऱ्याला झेंडू हवा असेल तर पेरणी जुलैच्या मध्यापासून महिनाअखेरपर्यंत, कारण यंदा अधिक मासामुळे दसरा 20 ऑक्टोबरला आहे आणि रोपापासून भरगच्च फुलापर्यंत अडीच ते तीन महिने धरावे लागतात. जूनमध्ये पेरायच्या पुड्या तोवर फ्रिजमध्ये, बरणीत. घरी राहिलेल्या बियांची उगवण मेअखेरीस पुन्हा तपासणार आहे. जिची टक्केवारी उतरली असेल तिच्या पुड्या घेतलेल्यांना जरा दाट पेरायला कळवेन.